चादरीवरचं दार

“काका, ते शेवटचं पान अर्धंच राहू द्या,” बेकरीवाला म्हणाला.

नेपथ्यकाराचा कुंचला हवेतच थांबला. चादरीवर रंगवलेल्या दाराच्या फळीवर त्याने कोरीव वेल चढवली होती, खालून वर, वळणं घेत. एवढं सगळं करून टोकाचं पान अर्धवट सोडायचं हे त्याच्या हाताला पटेना. त्याने कारण विचारलं. घरचं दार तसंच होतं, एवढंच बेकरीवाला म्हणाला.

एका शाळेच्या व्यायामशाळेत हे चाललं होतं. युद्धातून पळून आलेली कुटुंबं तिथे राहत होती. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये दोरीवर टांगलेली पांढरी चादर, एवढाच काय तो आडोसा. नेपथ्यकाराचा उभा जन्म नाटकांचे पडदे रंगवण्यात गेला होता. तो पहिल्यांदा आला तो घरातली जादा ब्लँकेटं द्यायला. त्या कोऱ्या चादरी त्याने बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी रंगाचे डबे घेऊन हजर झाला. प्रत्येक बिऱ्हाडाला त्याने एकच विचारलं, तुमच्या घराचं दार कसं होतं? भाषा मोडकीतोडकी होती. पण दार समजावून सांगायला हात पुरतात.

बायकोने त्याला वेड्यात काढलं. लोकांना औषधं हवीत, गरम कपडे हवेत, आणि आमचे हे निघालेत दारं वाटायला, असं ती बहिणीला फोनवर ऐकवायची. तरी डबा भरून तीच द्यायची, तोही चार माणसांना पुरेल एवढा. रंग संपले की तो जुन्या नाटक कंपनीच्या गोदामातून मागून आणायचा. चादरीमागे फळी उभी करून दिवसभर रंगवत राहायचा. गुडघे बोलू लागले तेव्हा त्याने स्टूल आणलं, पण येणं चुकवलं नाही. पोरं त्याला दारवाले आजोबा म्हणायला लागली.

हळूहळू व्यायामशाळा एखाद्या गल्लीसारखी दिसू लागली. एका म्हाताऱ्याने पितळी कड्यांचं भलंमोठं दार रंगवून घेतलं. त्याचं खरं दार पत्र्याचं होतं हे त्याच्या गावच्यांना ठाऊक होतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. पूर्वी माणसं एकमेकांच्या आडोशात सरळ शिरायची. आता बाहेर थांबून खाकरायची.

बेकरीवाल्याचं दार सगळ्यांत देखणं उतरलं. त्याची बायको मात्र त्याकडे बघायचं टाळायची. घराच्या आठवणीने जीव कासावीस होत असेल, असं नेपथ्यकार धरून चालला.

मग एका दुपारी नवी बस आली. उतरलेल्यांत शिवणकाम करणारी एक बाई होती, एकटीच, हातात कापडी पिशवी. तिची जागा दाखवायला नेपथ्यकारच पुढे झाला. चालता चालता ती बेकरीवाल्याच्या चादरीसमोर थबकली. पिशवी खाली ठेवली. त्या अर्ध्या पानावर तिने बोटं टेकवली.

“हे माझ्या नवऱ्याच्या हातचं आहे,” ती म्हणाली. “हे पान कोरत बसला होता, तेव्हाच त्याला घेऊन गेले.”

चादरीमागून बाहेर आलेल्या बेकरीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. खाली बघत तो सांगत राहिला. आधीच्या लढाईत त्याला आणि बायकोला त्यांच्या गावातून हाकललं होतं. अधिकाऱ्यांनी त्यांना हे दार असलेलं रिकामं घर दिलं. किल्ली आत खिळ्याला होती, चुलीवर भांडं तसंच होतं. घरमालकांचं विचारलं तर सांगण्यात आलं, सगळे मेले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी आणखी काय विचारायचं? ते राहू लागले. मुलगी त्याच घरात झाली. आता या युद्धाने त्यांनाही तिथून उठवलं होतं.

 आजूबाजूच्या चादरी सरकल्या, माणसं बाहेर येऊन उभी राहिली. आता इथेही जुंपणार, असं कुणीतरी पुटपुटलं. नेपथ्यकाराला स्वतःचाच राग आला. चादर कोरी राहिली असती तर या दोघांनी एकाच छपराखाली राहून एकमेकांना कधी ओळखलंही नसतं.

“सगळे मेले असं सांगितलं,” बाई अखेर म्हणाली. “फार खोटं नाही सांगितलं. मी तेवढी उरले.”

तिने गळ्यातला दोरा ओढून एक किल्ली बाहेर काढली. लोखंडी, जुनी, वापरून गुळगुळीत झालेली. ती तळहातावर ठेवून बघत राहिली. जिथे गेले तिथे ही बरोबर नेली, म्हणाली, सवयच होऊन गेली. एरवी तिचा आता काय उपयोग, कुलूप तर तुम्ही पहिल्याच दिवशी बदललं असेल. आवाजात राग नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं तिने ते सांगितलं.

 बेकरीवाल्याची बायको पुढे आली.

“नाही बदललं, ताई,” ती म्हणाली. “कुणी परत आलंच, तर त्याला स्वतःच्या घराबाहेर ताटकळत राहायला नको, म्हणून.”