पंच्याहत्तरीच्या आत

"सही करा, बाई. अजून किती वर्षं त्या कंपनीला पोसणार?"

रँडलने फॉर्म पुढे सरकवला. डोस्टल बाईंनी पेनला हात लावला नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर गाडीत त्यांचा मुलगा लॅरी बसला होता. वय त्रेचाळीस, पण बुटाची नाडी अजून बाईच बांधायच्या. सीटबेल्ट दोन्ही हातांनी छातीशी धरून तो या खिडकीकडे टक लावून होता.

रँडल एके काळी बाईंच्या चौथीच्या वर्गात शेवटच्या रांगेत बसायचा. आता तो गावातल्या लोकांना म्हातारपणाच्या पैशांबद्दल सल्ला देतो. बाईंकडून फी घेत नाही. बाई त्याला घरी भाजलेला अक्रोडाचा गोड रोल आणतात, फॉइलमध्ये गुंडाळून. आजचा टेबलावर तसाच पडला होता.

सगळं सुरू झालं होतं ते डोनटपासून. सतरा वर्षांपूर्वी कोच ब्रूनो डोनटचे दोन खोके घेऊन शाळेच्या स्टाफरूममध्ये आला. फुटबॉल सोडून तो विम्याचा एजंट झाला होता. व्हेरिएबल अॅन्युइटी नावाची योजना त्याने आणली होती. पैसा बाजारात वाढणार, म्हातारपणी पगारासारखा हातात पडणार. कागद कुणी वाचला नाही. ज्याच्या सामन्यांना दर शुक्रवारी अख्खं गाव लोटायचं, त्या कोचला नाही कोण म्हणणार? डोनट संपायच्या आत अकरा शिक्षकांनी सह्या केल्या. बाईंनी आयुष्यभराची पुंजी भरली, एक लाख पाच हजार डॉलर. कोच हल्ली फ्लोरिडात ऊन खात बसलेला असतो.

"दरवर्षी फी म्हणून साडेतीन टक्के खातात," रँडल म्हणाला. "बाजार कितीही वाढो, तुमच्या वाट्याला चोथा. एवढ्या वर्षांनी आज एक लाख एकतीस हजार आहेत. साध्या निवृत्ती खात्यात टाकू, तिथे अर्धा टक्काही जाणार नाही. बाहेर पडायचा दंडही आता लागत नाही. लॅरीसाठीच म्हणतोय मी."

लॅरीसाठीच तर सगळं होतं. आपल्यामागे त्याचं कसं होणार, या एका काळजीने बाईंना पोखरलं होतं. तळ्याकाठच्या खासगी संस्थेत त्याला घ्यायला तयार होते, पण त्याच्या नावाच्या ट्रस्टमध्ये दोन लाख हवे होते. नाहीतर सरकार खाट रिकामी असेल तिथे पाठवणार, मग ती दीडशे मैलांवर का असेना. अनोळखी माणसाने आंघोळ घातली की लॅरी दोन दोन दिवस जेवत नाही.

"कराराचं बारावं पान बघितलंस?" बाईंनी विचारलं.

"त्यात काय असणार?"

"वाच. चौथीतही तू प्रश्न अर्धाच वाचायचास."

रँडलने हसत पान उघडलं. खातेदार पंच्याहत्तरीच्या आत वारला, तर वारसाला भरल्याच्या दुप्पट रक्कम मिळेल. पंच्याहत्तर पूर्ण झाली की ही हमी संपेल; मग खात्यात उरलं असेल तेवढंच.

"दोन लाख दहा हजार! वा!" तो म्हणाला. "पण तुमचा वाढदिवस चोवीस फेब्रुवारीला. पाचच महिने राहिले. म्हणजे यातून फायदा काढायचा तर तुम्हाला फेब्रुवारीच्या आत मरावं लागेल, बाई!"

तो मोठ्याने हसला. बाई हसल्या नाहीत.

"ऑगस्टमध्ये पोटात गाठ निघाली," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, औषधं सुरू केली तर वर्ष, दीड वर्ष काढाल. नाही केली तर नाताळ. फार तर जानेवारी."

रँडलचं हसू तोंडावरच सुकलं.

"असं नका बोलू. औषधं घ्या तुम्ही. पैशाचं आपण दुसरं काहीतरी बघू."

"काय बघशील? मला मरायची हौस नाही रे. रात्री झोप लागत नाही, इतकी भीती वाटते. पण दीड वर्ष जगून मी त्याला देणार काय? उलट्या करणारी आई, आणि मग कुठलीतरी खाट. तुझ्याकडे दुसरा मार्ग असेल तर दाखव. नुसतं उत्तर नको, रीत दाखव."

वर्गातही त्या हेच म्हणायच्या. रँडलने पॅड पुढे ओढलं, पेन्सिल उचलली. लोकांची चाळीस चाळीस वर्षांची गणितं तो चुटकीसरशी सोडवायचा. त्याने वर तारीख घातली. खाली लॅरीचं नाव लिहिलं. डोळ्यांतल्या पाण्याने कागद भिजायला लागला तशी बाईंनी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि न भरलेला फॉर्म नीट दुमडून पर्समध्ये ठेवला.

बाहेर लॅरीने हॉर्न वाजवला. बाईंनी खिडकीतून हात हलवला, तसं त्याने सीटबेल्ट सोडून दोन्ही हात हलवले.

"तुझा फोन दे जरा," त्या म्हणाल्या. "उद्या दवाखान्यात औषधं सुरू करायची वेळ घेतली होती, ती रद्द करायचीय. आज कळवलं नाही तर पन्नास डॉलर दंड लावतात."