कंपनीचं अ‍ॅप

धाराशिवच्या एका बियाणे कंपनीसाठी शिवांजली गावोगाव फिरून पिकांची पाहणी करायची. फोन तिचा स्वतःचा, अ‍ॅप कंपनीचं. सोमवारच्या बैठकीत रणधीर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “शिवांजलीताई, पेढे कधी? येडशीकडचं काम आता नंदीश बघेल. अशा दिवसांत गाडीवर फिरू नये.” शिवांजलीनं हातातल्या फोनकडं पाहिलं. सोनोग्राफीच्या कागदाचा फोटो तिनं शनिवारीच काढला होता. “हे माझ्या नवऱ्यालाही अजून माहीत नाही. तुम्हाला कसं कळलं?” “पिकांसोबत बाकीचे फोटोही अ‍ॅपमधून येतात. काळजीपोटी बघतो मी.” “चोरून बघण्याला काळजी म्हणता व्हय?” तिनं त्यांच्यादेखत अ‍ॅप काढून टाकलं. “पाहणी मीच करणार. फोन कंपनीनं द्यावा.” साहेब “नोकरी जाईल!” म्हणून ओरडले. कंपनीतले जुनेजाणते रेवणसिद्धअण्णा उठले आणि आपला फोन तिच्यापुढं धरून म्हणाले, “पोरी, माझ्यातलंबी काढ. ह्या माणसाला माझी नातवंडं दाखवायची न्हाईत.”