साक्षीदाराची सही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाबांच्या हृदयाची बंद रक्तवाहिनी सहा महिन्यांपूर्वी स्टेंट घालून उघडली होती. तेव्हापासून ते रोज तासभर चालत, अळणी जेवत होते. सिगारेट तर सोडलीच होती. तरी छाती पुन्हा दुखू लागली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, स्टेंटच्या आतच वाट अरुंद झाली होती. "बाबा, चोरून ओढत होतात ना?" मुलगी भडकली. "त्यांचा दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "स्टेंटची जखम भरताना रक्तवाहिनीनं आतून जास्तीचा थर वाढवलाय. कधीकधी होतं. परत उघडावी लागेल." "म्हणजे मी नियम पाळले आणि शिरेनं आगाऊपणा केला," बाबा वैतागून म्हणाले. मुलगी ओशाळली. नर्सनं संमतिपत्र आणलं. बाबांनी सही करून पेन मुलीपुढे धरलं. "साक्षीदार म्हणून सही कर, आणि वर लिही, यांनी ओढलेली नाही."