पिठाचा ओटा

अनिसा सिडकोतलं आपलं रिकामं घर पर्यटकांना भाड्यानं द्यायची. सकाळी पाहुणे गेल्यावर ती आवरायला आली, तर स्वयंपाकघरभर पीठ सांडलेलं आणि तवा करपलेला. तिनं चिडून त्या पाहुण्यांना फोन लावला.

"मोनिकाताई, असं घर सोडून जातात का?"

"चुकलं माझं," मोनिका हळूच म्हणाली. "माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे, ती मलासुद्धा ओळखत नाही. काल मात्र आपणहून उठून तिनं भाकरी थापली आणि मला नावानं हाक मारून जेवायला बसवलं. ते पीठ पुसायला माझा हातच धजला नाही."

अनिसानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"कुठवर पोचलात?"

"बिडकीनला."

"मग गाडी वळवा, आईंना या घरात अजून राहू दे. आज येणाऱ्या पाहुण्यांना मी माझ्याकडं ठेवून घेते."