हनुवटीखालचा हात

"चिमी दिवसभर हनुवटीखाली हात धरून बसते," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "घरी काही ताण आहे का? आणि वाचन असंच अडत राहिलं, तर तिला उद्यापासून कच्च्या मुलांच्या वर्गात बसवावं लागेल."

आईने घाबरून शेजारी उभ्या असलेल्या चिमीकडे पाहिलं. मग बाईंचं पहिलं वाक्य आईच्या डोक्यात शिरलं आणि तिला हसूच फुटलं.

"अहो बाई, ती वाचत असते. मीच शिकवलंय तसं. इंग्रजीतला लांब शब्द आला की हनुवटीखाली हात धरायचा. म्हणताना हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल, तितके शब्दाचे तुकडे. मग कुठल्या तुकड्याला काय अर्थ, ते बघायचं."

बाईंचा विश्वास बसला नाही. टेबलावर त्यांचा जेवणाचा डबा होता. त्याचं झाकण त्यांनी चिमीपुढे सरकवलं. झाकणावर एक लांबलचक इंग्रजी शब्द छापलेला होता.

चिमीने हनुवटीखाली हात धरला. आई खुर्चीत पुढे सरकली.

"अन... ब्रे... क... बल." चिमी थांबली. मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागली. "अन म्हणजे नाही. ब्रेक म्हणजे फुटणं. एबल म्हणजे होऊ शकणारं. म्हणजे, न फुटणारं." तिने झाकण उलटसुलट करून पाहिलं. "पण बाई, ह्याला तर तडा गेलाय."

बाईंनी झाकण लगबगीने पिशवीत टाकलं.

"राहू दे हिला आपल्याच वर्गात," त्या म्हणाल्या.

आईचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहणाऱ्यातला नव्हता. वाचनाचं झालं, गणिताचं काय? आणि वरच्या वर्गात गेल्यावर याहून लांब शब्द आले तर? ती खुर्चीत मागे टेकली, तिची नजर खिडकीबाहेर लागली आणि हात आपोआप हनुवटीखाली गेला.

"छान शिकवलंय हं तुझ्या आईने," बाई चिमीला म्हणाल्या. "घरी आणखी कोण वाचतं गं असं?"

"आईच," चिमी म्हणाली. "दूध उतू जाईपर्यंत वाचते. बाबांना उशीर झाला की दारात उभी राहून वाचते. पण तिचा शब्द फार अवघड असणार, बाई. अजून पहिला तुकडासुद्धा सुटला नाहीये."