जगनची चार मिनिटं

पनवेलच्या बुद्धिबळ स्पर्धेत गव्हाणचा जगन घरत तिसरा डावही वेळ संपून हरला आणि त्याचा पारा चढला. पंच असलेल्या अंकिताला गाठून तो म्हणाला, "म्याडम, या घड्याळात खोट हाय. माजी चार मिनिटं बसल्या जागी खाल्ली यानं."

अंकितानं वाद घातला नाही. तिनं आपल्या मोबाइलचं स्टॉपवॉच आणि जगनच्या बाजूचं घड्याळ एकाच क्षणी सुरू केलं. दहा मिनिटं सगळे टेबलाभोवती उभे राहून आकडे बघत होते. एका सेकंदाचाही फरक पडला नाही.

"काका, घड्याळ चोख आहे."

"मंग माजी चार मिनिटं गेली कुटं?"

त्याला नुकतंच हरवणारी कॉलेजातली स्नेहा पुढं आली. ती चाचरत म्हणाली, "काका, तुम्ही चाल खेळायला हात उचललात आणि तसेच थांबलात. मी दोनदा हाक मारली. डोळे उघडे होते तुमचे, पण तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. आधीच्या दोन्ही डावांत असंच झालं म्हणे."

जगननं डोक्याला खूप ताण दिला, पण त्यातलं काही म्हणजे काही त्याला आठवेना.

तेवढ्यात, शाळेच्या मुलांना स्पर्धेला घेऊन आलेल्या बाई दारातून म्हणाल्या, "जगनदादा, सगळी मुलं बसलीयत तुमच्या व्हॅनमध्ये. चला, काढा गाडी."