दिव्यांची गंमत

त्या शेवटच्या रात्रीही ती औषधांचं दुकान बंद करून आली, तर वडील गाडीपाशी हजर. “तुझ्या दिव्यांची गंमत बघायला आलो.” हे रोजचंच.

वडील शेजारच्या सीटवर बसले, तिने गाडी काढली. वळणावर गाडीचे पुढचे दिवे आपोआप वळले. समोरून ट्रक येताच आपोआप मंद झाले.

“बघ, गाडीसुद्धा ट्रकवाल्याचा मान ठेवते,” जन्मभर ट्रक चालवलेले वडील म्हणाले. “नाहीतर तू!”

“मग तिलाच मुलगी माना.”

“मानली असती. पण ती उलट बोलत नाही, मला करमायचं कसं?”

वडील गेल्यावर पंधरा दिवसांनी ती रात्री दुकानातून पहिल्यांदाच एकटी निघाली. दिवे शहाण्यासारखे वळत होते, मंद होत होते. तरी तिने गाडी कडेला घेतली.

“बाबा,” ती रिकाम्या सीटला म्हणाली, “मला रात्री गाडी चालवायची भीती वाटते. पहिल्यापासून. तुम्हाला कळलं होतं ना?”